आपलं गाणं, आपलेच कान

मैत्रिणींनो, लग्नाआधी प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा दिलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणी मुलं जरा मोठी झाली की माळ्यावरची पेटी पुन्हा खाली काढतात. हौस असते, गळाही असतो. नसतात ते रोजचे गुरुजी. आठवड्यातून एक शिकवणी, बाकीचे सहा दिवस आपण आणि आपला तंबोरा. या सहा दिवसांत चुकीचं घोटलं तर तेच पक्कं होतं. मग शिकवणीच्या बाई विचारतात, "रियाज केला होता ना?" आणि आपण हिरमुसतो. केलेला असतो हो, पण ऐकलेला नसतो!

गाताना श्वास, शब्द, मात्रा इतकं सांभाळायचं असतं की ऐकायला मन उरतच नाही. म्हणून आपलं गाणं ध्वनिमुद्रित करून ऐकावं. पूर्वी टेपरेकॉर्डर लागे, आता हातातल्या मोबाइलवर काम भागतं.

पहिल्यांदा "अगंबाई, हा माझा आवाज?" असं वाटेल. घाबरू नका. एरवी आपला आवाज आपल्याला डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. यंत्रात येतो तो फक्त हवेतून गेलेला. इतरांना तो नेहमी असाच ऐकू येतो, बरं का!

सगळा रियाज मुद्रित करू नका. परत ऐकायला वेळ कुणाला आहे? १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान तबकड्यांसाठी गायल्या, तेव्हा एका तबकडीला जेमतेम तीन मिनिटं मिळत. आपणही तेवढाच नेम धरावा. मोबाइल दोन-तीन हातांवर ठेवा. पंखा बंद करा. तंबोरा मात्र ऐकू यायलाच हवा, नाहीतर सूर कशाशी ताडून पाहणार?

लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ऐका, आणि एका वेळी एकच गोष्ट पाहा. एक दिवस फक्त सूर: यमन असेल तर तीव्र मध्यम, निषाद उतरतात का, वरचा षड्ज पुरता लागतो का. एक दिवस फक्त लय: हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा. ताना सुरू झाल्या की लय पळते, आणि गाताना ते कळत नाही. एक दिवस शब्द आणि श्वास. सापडलेलं वहीत दोन ओळींत लिहून ठेवा.

आठवड्यातून एकदा तीच बंदिश लागोपाठ तीनदा मुद्रित करा. एकदा छान जमली यात नवल नाही. तिन्ही वेळा सम जागेवर आली, तरच बंदिश आपली झाली म्हणायची. एकदाच अडखळलात तर सोडून द्या. तिन्ही वेळा त्याच जागी अडखळलात, तर तेवढीच ओळ संथ लयीत घोटा. सगळी बंदिश पुन्हा पुन्हा गाण्यापेक्षा यात वेळ वाचतो, आणि आपल्याकडे तोच कमी असतो.

गुरूंची जागा यंत्र घेत नाही. चूक कुठे ते कळेल, ती काढायची कशी ते बाईच सांगतील. त्यांचं गाणं मुद्रित करायचं तर आधी विचारावं.

आणि पहिलं मुद्रण पुसू नका. सहा महिन्यांनी ते ऐका. घरातल्या कामांची मोजदाद कुणी ठेवत नाही. निदान या कामाची तरी आपल्यापाशी राहील.