पहिल्या पावसाळ्यात गवताला तोंड लागू देऊ नका



मृग तोंडावर आलाय. गेल्या पंधरा दिवसांत जेवढे फोन आले, त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच: "कमी पाण्यावर येणारं चाऱ्याचं गवत कुठलं, आणि बी कुठं मिळंल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. बी मिळतं. मिळत नाही ती त्या गवताला वाढायला सवड. आज त्यावरच लिहितोय. काहींना पटणार नाही, तरी वाचा.

आधी नेपिअरचं बोलू. फुले जयवंत, बीएनएच-१०, सुपर नेपिअर, जो तो कांड्या वाटतोय. गवत चांगलंच आहे, माझ्याही विहिरीच्या कडेला दोन गुंठे आहे. पण त्याला उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसाला पाणी लागतं. ज्याची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, त्यानं नेपिअरच्या भरवशावर जनावरं वाढवली तर मार्चमध्ये त्याच्या दावणीला काय राहणार? आमच्याकडं साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही निम्मा परतीचा. अशा ठिकाणी नेपिअर ही बागायती वैरण आहे. कोरडवाहूची वैरण वेगळी.

कोरडवाहूची म्हणजे कुठली? मुरमाड, हलक्या, पाणी न साठणाऱ्या रानाला अंजन. जरा काळवट, ओल धरणाऱ्या जमिनीला आणि तालीच्या पोटाला मारवेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्याचे सुधारित वाण काढलेत. डोंगरउताराला डोंगरी आणि पवन्या. आणि यांच्या जोडीला स्टायलो, कारण ते द्विदल आहे, हवेतलं नत्र धरतं आणि वैरणीत प्रथिनं वाढवतं. यातलं स्टायलो तेवढं बाहेरून आलेलं, बाकी सगळी आपल्याच माळावरची गवतं. आजोबांच्या वेळी पेरत कुणी नव्हतं, तरी होती.

मग गेली कुठं? आपण ती चारून संपवली. आमच्या भागात एका योजनेतून गायरानावर अंजन पेरलं होतं. उगवण झकास झाली. ऑगस्टमध्ये वीतभर झालं आणि गुरं-शेळ्या आत शिरल्या. पुढच्या वर्षी तिथं काय, तर कुसळ. लोक म्हणाले, बियाणं बोगस. बियाणं चांगलं होतं. त्याला मूळ धरायला कुणी वेळच दिला नाही.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. गवत दुष्काळाला तग धरतं ते मुळावर. मूळ खोल गेलं तर खालची ओल ओढणार. आणि मूळ वाढतं पानाच्या जोरावर. पान खाल्लं की गवत आधी पान काढायला बघतं, मूळ थांबतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांनी १९५५ साली यावरचे प्रयोग छापले. गवताचा ४० टक्क्यांपर्यंत पाला काढला तर मुळं वाढतच राहिली. ८० टक्के काढला तर मुळांची वाढ दहा-बारा दिवस पूर्ण थांबली. आता आपल्या माळाचा विचार करा. शेळी आज बुडापर्यंत खाणार, आठ दिवसांनी परत येणार. म्हणजे अख्खा पावसाळा मूळ जागच्या जागी. नोव्हेंबरात वरची ओल गेली की ठोंब मेलाच. दुष्काळाला टिकणारं बी दुकानात मिळतं, पण दुष्काळाला टिकणारं मूळ आपल्यालाच राखून तयार करावं लागतं.

म्हणून माझा हिशेब असा.

पहिलं वर्ष: एकरी दोन-अडीच किलो अंजनाचं बी. ताजं घेऊ नका, सहा-आठ महिने जुनं चांगलं उगवतं. बी केसाळ आणि हलकं असतं, वाऱ्यानं उडतं. ओलसर माती किंवा वाळूत मिसळून ओळीत टाका, वरून बोटाच्या पेरापेक्षा कमी माती. खोल गेलं की गेलं. बी मिळालं नाही तर ठोंबं लावा, दोन ओळींत दीड-दोन फूट. स्टायलोचं बी कठीण कवचाचं. साधारण ८० अंश गरम पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात काढा, वाळवून पेरा. एक खुरपणी करा, नाहीतर तण गिळून टाकतं. आणि जनावर आत नाही. विळाही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी झडल्यावर एकदाच कापा, जमिनीपासून चार बोटं वर. पडलेलं बी पुढच्या मृगात मोकळ्या जागा भरून काढतं.

दुसऱ्या वर्षापासून: निम्मं गवत फुलोऱ्यात आलं की कापणी. इथं आपल्याकडं खूप नुकसान होतं. आपण दिवाळीपर्यंत वाट बघतो, म्हणतो गवत "पिकू द्या, वजन भरंल." वजन भरतं पण कस जातो. फुलोऱ्यातल्या अंजनात सात-आठ टक्के प्रथिनं, पिकून वाळलेल्यात जेमतेम निम्मी. वैरणीत सात टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की जनावराच्या पोटातले जीवाणूच उपाशी पडतात, मग ते वैरण पचवेनात, जनावर खायलाही कमी करतं. गंज भरलेली आणि म्हैस खंगलेली, हे दृश्य कुणी पाहिलं नाही?

तिसऱ्या वर्षापासून चराई करा, पण रानाचे तीन-चार तुकडे पाडून. निम्मं खाल्लं की पुढच्या तुकड्यात.

फायदा किती, तेही बोलू. एका गाईला दिवसाला दहा किलो वाळली वैरण धरली तर मार्च ते जून बाराशे किलो लागते. हलक्या कोरडवाहू रानात बऱ्या पावसाला एकरी टनभर वाळलं गवत मी धरून चालतो. म्हणजे ज्या मुरमाड एकरात मटकीचं बीसुद्धा परत मिळत नाही, तो एकर एक गाय जवळजवळ अख्खा उन्हाळा सांभाळतो. मार्चच्या बाजारात गाभण गाय मातीमोल किमतीला द्यायची आणि जुलैत दुप्पट पैसे मोजून दुसरी आणायची, हा फेरा ज्यानं केलाय त्याला या टनाची किंमत सांगायला नको. छावणी उघडायची वाट बघत बसणं ही काय शेती झाली?

"एकर मोकळा सोडायला आहे कुणाकडं?" हा प्रश्न येणारच. नसेल तर बांध आहेत, ताली आहेत. अंजन ठोंबाचं गवत आहे, हरळीसारखं रानात पळत नाही. बी पडून उगवलंच तर कुळवाच्या एका पाळीत जातं. बांधाची माती धरतं ती वेगळीच. फक्त बांधावर जनावर बांधू नका, कापून आणा.

दुसरा प्रश्न अवघड आहे: मेंढपाळांनी कुठं जायचं? माझं म्हणणं, गायरान सगळं बंद करून त्यांना हुसकावणं चूक आहे. तो माळ त्यांच्या जगण्याचा आहे, आणि त्यांच्या मेंढ्या रानात बसवून खत आपणच घेतो. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं चराईबंदी करून दाखवली, ती गावानं एकत्र बसून ठरवली म्हणून टिकली. आपण गायरानाचा तिसरा हिस्सा एका वर्षी राखू, उरलेला चरायला मोकळा. पुढच्या वर्षी दुसरा हिस्सा. आणि कुठला हिस्सा आधी राखायचा हे ठरवताना ग्रामसभेत मेंढपाळ पहिल्या रांगेत पाहिजे. माळाची जाण त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.

शेतीशाळा घेणाऱ्या साहेब मंडळींनाही एक विनंती. बियाण्याच्या पिशवीबरोबर राखणीचा विषय घ्या. किती किलो बी वाटलं याच्यापेक्षा दुसऱ्या उन्हाळ्यात किती ठोंबं जिवंत आहेत ते मोजा.

यंदा निदान पाच गुंठे करून बघा. सगळ्यात पडीक पाच गुंठे घ्या, काटेरी फेसाटी लावून बंद करा. ज्यांनी आधी केलंय त्यांनी जमीन कशी, पाऊस किती आणि कापणी कधी, एवढं खाली लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.