जखमी घार आणि आपली साठावही

वासी उत्तरायणाच्या दिवशी वडोदऱ्यातील आमच्या पेढीच्या गच्चीवर एक घार येऊन पडली. आकाशात नित्य दिसणारा हा पक्षी मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पसरलेले पंख जवळजवळ दीड मीटर, आणि वजन मात्र किलोभरही नसावे. उजव्या पंखाच्या पुढल्या कडेत मांजा रुतला होता. तेथील कातडीचा पातळ पडदा व स्नायुबंध तुटले, तर जखम भरूनही पक्षी पुष्कळदा पुन्हा उडू शकत नाही. ती ओरडली नाही. तपकिरी डोळे आमच्यावर रोखून धापा टाकीत राहिली.

मुनीमजी पाणी घेऊन धावले. त्यांना थांबविले, कारण जखमी पक्ष्याच्या चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जाड टॉवेल टाकून, नख्या सांभाळून, तिला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवले. रुतलेला दोरा न ओढता लोंबणारा भाग तेवढा कापला आणि १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला.

गाडीची वाट पाहताना शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "घार मांसाहारी, तिच्यासाठी एवढी धावपळ?" हा प्रश्न नवा नाही. लाल किल्ल्यासमोरील, १९२९ साली स्थापन झालेल्या आपल्या पक्षी-रुग्णालयाने असंख्य पक्षी वाचविले. तेथेही शिकारी पक्ष्यांना मलमपट्टी करून परत पाठविण्याचीच रीत होती. त्याच दिल्लीत नदीम शहजाद व मोहम्मद सऊद या बंधूंनी घराच्या तळघरात घारींची शुश्रूषा आरंभिली. माझे मत असे की, वेदनेला आहार विचारण्याचे कारण नाही.

परंतु त्या दिवशी मला अधिक टोचले ते निराळेच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, आणि आमच्या पेढीने तो कधीच विकला नाही, याचा मला अभिमान होता. घारीच्या पंखातील दोरा मात्र सुती होता, काचेच्या भुकटीने घासलेला. आणि तसल्याच फिरक्या आमच्या कपाटात शिल्लक होत्या! डिसेंबरात फिरकीवर नफा घ्यावयाचा आणि जानेवारीत त्यातूनच जीवदयेची पावती फाडावयाची, असा हा आपला हिशोब आहे. पावत्या आपण स्मरणिकेत छापतो. फिरक्या साठावहीतच राहतात.

पतंग बंद करा असे मी म्हणत नाही. मुलांचा तो आनंद आहे, माझाही होता. काच न लावलेल्या साध्या दोऱ्यानेही पतंग उडतो; पेच घेता येत नाही एवढेच. सकाळी नवापूर्वी व सायंकाळी पाचनंतर, पक्षी ये-जा करीत असता, आकाश मोकळे ठेवण्याची विनंती दरवर्षी होते. तीही आपल्या घरच्या गच्च्यांवर क्वचितच पाळली जाते.

गाडीतील तरुणाने पंख चाचपून पाहिला आणि काही आश्वासन न देता खोके उचलले. सायंकाळी मी उरलेल्या फिरक्या नष्ट करविल्या. मुनीमजींनी रक्कम कोणत्या खाती टाकू, म्हणून विचारले. मी तोटा लिहावयास सांगितले.

सभासदांनी काचेचा मांजा ठेवू नये, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मी मांडणार आहे. त्यास अनुमोदक हवा आहे, आणि तो दोऱ्याचा व्यापार करणारा असल्यास उत्तम.