मुहूर्त न्यायाधीशांचा

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पंचांग काढतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१३च्या नाताळात तो न्यायाधीशांनी काढला. २० डिसेंबर, शुक्रवार. संघीय न्यायाधीश रॉबर्ट शेल्बी यांनी समलिंगी विवाहांवरची बंदी रद्द केली आणि सॉल्ट लेक काउंटीच्या कचेरीत रांग लागली. निकाल विरोधात गेलाच तर लगेच स्थगिती मिळावी, अशी मागणी सरकारी वकिलांनी आधी करूनच ठेवली नव्हती! (गाफीलपणाचा इतका मंगल परिणाम क्वचितच दिसतो.) ही फट बुजायच्या आत उरकायचं म्हणून लोक अंगावरच्या कपड्यांनिशी धावले, परवाना हातात पडला की तिथेच, कचेरीच्या आवारात, लग्न. राज्याचे सिनेटर जिम डबाकिस यांचंही त्याच दिवशी लागलं, तेही महापौरांच्या हस्ते. काही काउंट्यांनी मात्र परवाने द्यायला नकार दिला. हजाराहून अधिक जोडपी बोहल्यावर चढल्यावर, ६ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. मग राज्य म्हणालं, ही लग्नं आम्ही धरत नाही. केंद्र म्हणालं, आम्ही धरतो. एकाच घरातली माणसं केंद्राच्या लेखी विवाहित, राज्याच्या लेखी नाहीत. जोडीदाराच्या मुलाला दत्तक घ्यायला निघालेल्यांचे अर्ज अडकले. लग्न होऊ न देणं वाईटच, पण लागलेलं लग्न असं अधांतरी टांगून ठेवणं हा निव्वळ छळ होता. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचं अपील ऐकायलाच नकार दिला, तेव्हा कुठे युटाने ती लग्नं मान्य केली.