चोवीस सेकंदांचा हंगाम

एनबीएचा इतिहास सांगताना आपण खेळाडूंच्या नावांत रमतो. माझ्या मते १९५४-५५च्या हंगामाचे खरे नायक मैदानात उतरलेच नाहीत. ते होते सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन, मूळचे इटलीचे, बोलिंग खेळाचे केंद्र चालवणारे, आणि त्यांचे व्यवस्थापक लिओ फेरिस.

तोवर आघाडी मिळाली की चेंडू नुसता खेळवत वेळ काढण्याची मुभा होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असे हरवले. ४८ मिनिटांत ३७ गुण! असले सामने पाहायला पैसे कोण मोजणार?

सिरॅक्यूसकरांनी शाळकरी हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. २८८० सेकंद भागिले १२०, म्हणजे २४. तेवढ्या अवधीत फेक झालीच पाहिजे. पहिल्याच हंगामात संघाची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. (बाल्टिमोरचा संघ मात्र हंगाम सुरू असतानाच बंद पडला.)

अंतिम फेरीत सिरॅक्यूससमोर उभे ठाकले तेच फोर्ट वेन. सातव्या सामन्यात १७ गुणांची पिछाडी भरून काढत सिरॅक्यूस ९२-९१ असे जिंकले. घड्याळ नसते, तर ती आघाडी कवटाळून बसणे फोर्ट वेनला कितीतरी सोपे गेले असते. या विजेत्या संघात अर्ल लॉइड आणि जिम टकर होते. एनबीएचे विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.