जुनी मोटार, खरी नोंद

फोक्सवॅगन कंपनीच्या ‘बीटल’ मोटारीचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे कायमचे थांबले, तेव्हा या एकाच घडणीच्या २,१५,२९,४६४ मोटारी तयार झालेल्या होत्या. इतक्या विपुल प्रमाणात निघालेली वस्तू दुर्मिळ कशी म्हणावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. तथापि युरोप-अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजारात बीटलच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातील नगांना वेगळे मोल आहे. याचे कारण असे की, बाहेरून जवळजवळ तीच राहिलेली ही मोटार आतून मात्र सतत बदलत होती. कोणता भाग कोणत्या काळचा, हे ओळखता येणे ही या बाजारातील खरी विद्या होय. या विद्येची कसोटी पाहणारा आणि बहुधा दुर्लक्षित राहणारा एक भाग म्हणजे इंजिनावरील इनटेक मॅनिफोल्ड. एका साध्या नळीचा हा विषय तसा किरकोळ वाटेल. परंतु बाजारात माहितीचे स्थान काय, या अर्थशास्त्रातील मोठ्या प्रश्नाशी तो थेट जाऊन भिडतो.

बीटलचे इंजिन मोटारीच्या मागील बाजूस असते. त्याला पाण्याचा रेडिएटर नाही. पंख्याच्या वाऱ्याने ते थंड राखले जाते. चार सिलिंडर दोन-दोन असे परस्परविरुद्ध बाजूंना आडवे बसविलेले असतात आणि कार्ब्युरेटर मात्र मध्यभागी एकच. साहजिकच पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दोन्ही बाजूंच्या हेडपर्यंत नेण्यास लांब नळी लागते. तीच इनटेक मॅनिफोल्ड. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, नळी गार पडते, थंड व दमट हवेत कार्ब्युरेटरच्या तळाशी बर्फ साचू लागतो आणि इंजिन अडखळते. यावर उपाय म्हणून मुख्य नळीखाली दुसरी बारीक नळी जोडून तिच्यातून सायलेन्सरकडील तप्त वायूचा थोडा प्रवाह फिरविलेला असतो. ही खालची नळी काजळीने चोंदली की थंड हवेत मोटार नीट चालत नाही. वर्षानुवर्षांच्या वापरात ती चोंदतेच. त्यामुळे मॅनिफोल्ड हा बदलला जाणारा भाग ठरतो आणि म्हणूनच जुन्या मोटारीवर दिसणारा मॅनिफोल्ड मूळचा असेलच असे गृहीत धरता येत नाही.

मग तो ओळखावा कसा? प्रथम इंजिनाचा काळ ठरवावा लागतो. महायुद्धानंतरच्या वर्षांत बीटलचे इंजिन ११३१ घन सेंटिमीटरचे आणि २५ अश्वशक्तीचे होते. जानेवारी १९५४ पासून ते ११९२ घन सेंटिमीटरचे व ३० अश्वशक्तीचे झाले, ऑगस्ट १९६० मध्ये ३४ अश्वशक्तीचे नवे इंजिन आले, ऑगस्ट १९६५ मध्ये १३०० चे, १९६६ मध्ये १५०० चे आणि १९७० मध्ये १६०० चे. यातही एक गोंधळ आहे. जर्मनीत अश्वशक्ती मोजण्याची रीत निराळी आणि अमेरिकेत निराळी. त्यामुळे जर्मनीत ‘३० चे’ म्हटले जाणारे इंजिन अमेरिकेत ‘३६ चे’ आणि जर्मनीतील ‘३४ चे’ तिकडे ‘४० चे’ म्हणून ओळखले जाते. शिवाय १९५५ पासून कारखान्याचे नवे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असे. डिसेंबर १९६० मध्ये तयार झालेली मोटार कारखान्याच्या लेखी १९६१ ची. कागदावरील साल आणि मोटारीवरील भाग यांचा मेळ बसत नाही म्हणून लगेच लबाडीचा संशय घेणे योग्य नव्हे, तो यासाठी.

काळ ठरल्यावर मॅनिफोल्डकडे वळावे. १९७० च्या उन्हाळ्यापर्यंत बीटलच्या प्रत्येक हेडला मिश्रण आत घेण्यासाठी एकच तोंड होते आणि मॅनिफोल्ड एकसंध पोलादी नळीचा होता. ऑगस्ट १९७० पासून १३०० व १६०० च्या इंजिनांना प्रत्येक हेडवर दोन तोंडे आली; मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचा झाला. मधली नळी वेगळी, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, आणि त्यांना सांधणारे रबरी जोड. १२०० चे इंजिन मात्र पूर्वीप्रमाणे एकाच तोंडाचे राहिले. म्हणजे १९५८ ची म्हणून दाखविलेल्या मोटारीवर रबरी जोडांचा मॅनिफोल्ड दिसला, तर केवळ नळी नव्हे, हेडसुद्धा नंतरची आहेत हे निश्चित समजावे.

एवढा फरक डोळ्यांना सहज दिसतो. खरी परीक्षा एकसंध मॅनिफोल्डच्या निरनिराळ्या आवृत्त्या ओळखण्यात आहे. नळीची जाडी, कार्ब्युरेटर बसतो त्या बैठकीचे माप, खालच्या नळीचे वळण, वरची व खालची नळी मध्यभागी कशी सांधली आहे, तो सांधा नुसता पोलादी आहे की त्यावर ॲल्युमिनियमचे ओतीव कवच आहे, हे सारे पाहावे लागते. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या नावातील अंक त्याच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो: प्रारंभीच्या इंजिनांवर २६, पुढे २८, मग ३० आणि अखेर ३४. ऑगस्ट १९६० मध्ये आलेल्या कार्ब्युरेटरला आपोआप चालणारा चोक होता, त्यापूर्वीच्याला नव्हता. नळीवर जुने काप, नवे वेल्डिंग किंवा ताज्या रंगाखाली दडलेला गंज दिसला, तर तीही एक नोंदच असते.

परंतु एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर जसा निकाल देऊ नये, तसा एकट्या मॅनिफोल्डवरूनही देऊ नये. शेजारचे भाग काय सांगतात ते पाहावे. १९६० च्या मध्यापर्यंतच्या बीटलमध्ये डायनॅमोची बैठक क्रँककेसच्या उजव्या अर्ध्या भागाबरोबरच ओतलेली असे. पुढील इंजिनांत ती वेगळी असून बोल्टने बसविलेली असते. इंजिनाचा क्रमांक याच बैठकीच्या खाली क्रँककेसवर कोरलेला असतो. १९६५ नंतरच्या क्रमांकाआधीचे अक्षरही बोलके आहे: ‘डी’ म्हणजे १२००, ‘एफ’ म्हणजे १३००, ‘एच’ म्हणजे १५००. अपवादही आहेत. कंपनीच्या ट्रान्सपोर्टर या व्हॅनला १९५९-६० या अल्पकाळात ३४ अश्वशक्तीच्या इंजिनाची एक मधलीच आवृत्ती मिळाली होती. तिचे अनेक भाग ना आधीच्या इंजिनाला बसतात, ना नंतरच्या. असा अपवाद ठाऊक नसलेला ग्राहक खऱ्याला खोटे ठरवील आणि तो ठाऊक असलेला विक्रेता खोट्याला खरे म्हणून खपवील.

येथेच अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विक्रेत्याला मोटारीचा गुण ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. ग्राहक मग सर्वच मोटारींना सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा धनी विकायला तयार होत नाही व बाजारातून निघून जातो; टाकाऊ मोटारीचा धनी मात्र आनंदाने विकतो. सरासरी आणखी खाली येते, ग्राहक आणखी बिचकतो. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते, या ग्रेशॅमच्या नियमाशी ॲकरलॉफने या क्रियेची तुलना केली होती. आपल्याकडे सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, त्यातला हाच आशय. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकन बोलीत फसव्या मोटारीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. ॲकरलॉफच्या निबंधाच्या शीर्षकातही तोच शब्द आहे. योगायोग असा की, त्याच्या दहा वर्षे आधी, १९६० मध्ये, फोक्सवॅगनने अमेरिकेत दिलेल्या एका जाहिरातीत बीटलच्या चित्राखाली हाच एक शब्द छापला होता. चित्रातील मोटार कारखान्याच्या तपासनिसाने नाकारलेली होती. दोष इतकाच की, पुढच्या कप्प्यावरील क्रोमच्या पट्टीवर डाग होता. वोल्फ्सबर्गच्या कारखान्यात ३,३८९ माणसे केवळ तपासणीचे काम करतात, असा त्या जाहिरातीचा दावा होता. आपला दोष आपणच उघड सांगून कंपनीने विश्वास मिळविला. माहिती झाकल्याने नव्हे, तर दाखविल्याने मोल वाढते, हा त्यातील धडा. जुन्या मोटारींच्या व्यवहारात मात्र ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हेच सूत्र अनेकदा चालते आणि दुधाने तोंड पोळलेला ग्राहक ताकही फुंकून पिऊ लागतो.

मग जन्मापासून एकही भाग न बदललेली मोटार तेवढी खरी आणि बाकी सर्व खोट्या, असे मानावे काय? काही शौकीन असे मानतात. त्यांचे मानणे मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. फोक्सवॅगन कंपनी स्वतःच जुने इंजिन घेऊन त्याबदली दुरुस्त केलेले इंजिन देत असे. पन्नास-साठ वर्षे रस्त्यावर चाललेल्या मोटारीची नळी चोंदली, तेव्हा मिस्त्रीने हाताशी असलेली नंतरची नळी बसविली, तर त्यात फसवणूक कसली? ती त्या मोटारीच्या आयुष्यातील एक घटना होय. फसवणूक घडते ती ती घटना लपविली जाते तेव्हा. केवळ नळी नंतरची आहे म्हणून धडधाकट मोटारीला हिणविणारा शुद्धतावादी आणि नंतरची नळी मूळची म्हणून विकणारा दलाल, हे दोघेही बाजाराचे सारखेच नुकसान करतात. पहिल्याच्या धाकाने मालक दुरुस्ती लपवू लागतो आणि त्या लपवाछपवीवर दुसऱ्याचे पोट भरते.

हा प्रश्न जर्मनी-अमेरिकेपुरता मर्यादित नाही. ही बीटल भारतात कधी बनली नाही. आयात होऊन आल्या त्या थोड्या. परंतु जुन्या मोटारींच्या अस्सलपणाचा प्रश्न आता आपल्या कायद्यातही आला आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम जारी केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. आयात केलेली वाहनेही त्यांतून वगळलेली नाहीत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तपासणीसाठी राज्यांनी समिती नेमावयाची आहे.

नियम स्वागतार्ह आहे. पण ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांचा अर्थ समितीने लावावा कशाच्या आधारे? १९५९ च्या इंजिनावर १९६४ चा मॅनिफोल्ड हा मोठा फेरफार की साधी दुरुस्ती? याचे लेखी निकष हाती नसतील, तर निर्णय तपासणाऱ्याच्या मर्जीवर जाईल. जेथे निर्णय मर्जीवर जातो, तेथे काय घडते हे सरकारी कचेऱ्यांशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कारखान्यांच्या भागसूची हा एक आधार आहे. फोक्सवॅगनच्या भाग क्रमांकात मधला ‘१२९’ हा गट कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांचा निदर्शक आहे, इतकी शिस्त त्या सूचींत आढळते. दुसरा आधार अनुभवी मिस्त्रींचा. त्यांच्या हातांना जे कळते ते कोणत्याही सूचीत पुरते उतरलेले नाही, आणि ती पिढी आता थकत चालली आहे. त्यांचे ज्ञान तंत्रनिकेतनांनी व वाहनप्रेमींच्या मंडळांनी वेळीच लिहून, छायाचित्रांसह जतन करणे अगत्याचे आहे. असे ज्ञान एकदा लिहिले गेले की कितीही जणांनी वापरले तरी कमी होत नाही; नेमक्या याच कारणामुळे ते लिहून काढण्याची निकड मात्र एकट्या-दुकट्याला वाटत नाही. म्हणून संस्थांनी पुढे यावयास हवे.

याच्या जोडीला प्रत्येक जुन्या वाहनाबरोबर एक नोंदपत्रक असावे: कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, केव्हा व कशाने. समितीने बदललेल्या भागाबद्दल दंडाची भाषा न करता न सांगितलेल्या बदलाबद्दल ती करावी. सत्य सांगणाऱ्याचे नुकसान होत नाही, अशी व्यवस्था असेल तरच माणसे सत्य सांगतात. नीतिशास्त्राप्रमाणेच अर्थशास्त्रही हेच सांगते.

चार हौशी श्रीमंतांच्या छंदासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप निघेल. परंतु हप्त्यावर जुनी स्कूटर घेणारा कारकून, सोन्याचे वळे विकत घेणारी शिक्षिका, जुन्या इमारतीत घर शोधणारे कुटुंब, हे सारे त्याच अंधारात व्यवहार करीत असतात. सोन्यावरील हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तो हा अंधार थोडा कमी करण्यासाठीच. श्रीमंत हौशी माणूस फसला तर त्याची हौस जाते. सामान्य माणूस फसला तर त्याची पुंजी जाते. वस्तूचा खरा इतिहास तिच्यासोबत चालावा, ही सवय समाजाला लावावयाची असेल, तर ती कोठून तरी सुरू व्हावयास हवी. जुन्या मोटारीच्या नळीपासून ती सुरू झाली, तरी तिचा लाभ नळीपुरता राहणार नाही.