वाचणारा कुणी तरी हवा

महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलाला वा मुलीला एकदा सांगून पाहावे, की या वर्षात स्वतःच्या मनाने लिहिलेले एखादे पान दाखव. वह्या निघतील, नोट्सच्या झेरॉक्स निघतील, जर्नल्स तर गठ्ठ्याने निघतील. पण ते पान बहुधा निघणार नाही. मूल आळशी आहे म्हणून नव्हे. तसे पान लिहायला त्याला कुणी सांगितलेलेच नसते, आणि सांगितले तरी ते वाचणार कोण, याचे उत्तर त्याला ठाऊक असते.

भाषेच्या अभ्यासक्रमात लेखनाचा भाग असतो. अर्ज, वृत्तान्त, सारांश, निबंध. हे सारे लेखन एकाच माणसासाठी होते, आणि तो म्हणजे परीक्षक. तो अनोळखी असतो, घाईत असतो. विद्यार्थ्याचे म्हणणे काय हे त्याला जाणून घ्यायचे नसते. मुद्दे आले की नाहीत एवढेच पाहायचे असते. मग विद्यार्थीही शहाणा होतो आणि गाईडमधला निबंध उतरवतो. 'पाणी हेच जीवन' या विषयावरच्या शंभर निबंधांत, पहाटे उठून टँकरपुढे हंडे लावणाऱ्या मुलीचाही एक निबंध असतो. त्यात नद्या असतात, संस्कृती असते. टँकर मात्र कुठेच नसतो.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि गाईडचीही गरज उरली नाही. यावर प्राध्यापकांच्या खोलीत बरीच हळहळ चालते. पण ज्या लेखनात लिहिणाऱ्याचे स्वतःचे काहीच नव्हते, ते यंत्राने लिहून दिले तर नेमके हरवले काय? त्या मुलीच्या वाडीत टँकर आला नाही की काय होते, हे यंत्राला ठाऊक नाही. तिला आहे. तिने ते लिहावे असे वाटत असेल, तर ते वाचायला उत्सुक असलेली माणसे तिच्यासमोर हवीत.

हा विचार काही आजचा नाही. सेलेस्तँ फ्रेने हा फ्रान्समधला खेड्यातला शिक्षक. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलवत नसे. 1924 च्या सुमारास त्याने बार-सुर-लू या गावातल्या आपल्या वर्गात लहानसे छपाईयंत्र आणले. मुले गावात हिंडून येत, पाहिलेले लिहीत, वर्गाला वाचून दाखवीत. कोणता मजकूर छापायचा हे मुलेच मत देऊन ठरवीत. मग तो फळ्यावर येई आणि सगळे मिळून दुरुस्त करीत. नंतर एकेक खिळा जुळवून छपाई. छापलेली पाने टपालाने दूर ब्रिटनीतल्या एका शाळेत जात आणि तिथल्या मुलांची पाने इकडे येत. आपले डोंगरातले गाव कधीही न पाहिलेल्या मुलांना ते समजावून सांगायचे, तर नीटच लिहावे लागते. शुद्धलेखनाचा आग्रह तिथे मग शिक्षकाला वेगळा धरावा लागत नाही. त्याच दशकात आपल्याकडे अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत होते. पुढे 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले.

शाळेत हे जमेल, पण शंभर-सव्वाशेच्या वर्गात कसे, असे प्राध्यापक विचारतील. सगळी पाने त्यांनीच तपासायची म्हटले तर जमणार नाही हे खरेच. पण पाच-पाच जणांचे गट करावेत. पंधरवड्याला प्रत्येकाने एक पान लिहावे, उरलेल्या चौघांनी ते वाचावे, आणि खाली एवढेच लिहावे की कुठे कळले नाही आणि आणखी काय ऐकायला आवडेल. 'छान आहे' लिहायला बंदी. या पानांना गुण नकोत. प्राध्यापकांनी दर आठवड्याला दोन-तीन गटांत बसावे. सुरुवातीची पाने कंटाळवाणी असतील. तेवढा धीर धरायला हवा.

यातला खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याकडे उत्साही शिक्षकांचे दुर्लक्ष होते. मुले मनापासून लिहू लागली, की घरातले दारूचे व्यसन, मोडलेले लग्न, जात असे सारे कागदावर येते. चौघांत वाचलेले पान आणि भिंतीवर लावलेले पान यांत फार फरक आहे. भिंतीवरच्या पानाचा आज फोनवर फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो घरच्या ग्रूपवर पोचलेला असतो. तेव्हा काय बाहेर जायचे, नावानिशी की नावाशिवाय, हे लिहिणाऱ्यानेच ठरवावे. आणि तसे पहिल्याच तासाला सांगितलेले असावे. उलट वसतिगृहाच्या मेसविषयी कुणी लिहिले म्हणून पान उतरवणेही बरोबर नाही. तपशील चुकला असेल तर दुरुस्ती शेजारी लावावी. साहेबांना आवडले नाही, हे काही कारण होऊ शकत नाही.

बहुतेक महाविद्यालयांत जिन्यापाशी भित्तिपत्रकाची काचेची पेटी असते. जूनमध्ये उद्घाटन होते, पाहुणे येतात, आणि जानेवारीतही आतली पाने तीच असतात. पेटीला कुलूप असते आणि किल्ली कार्यालयात. ती किल्ली दर महिन्याला वर्गातल्या एका गटाकडे द्यावी. घरच्यांनीही निकालाच्या दिवसापर्यंत थांबू नये. या पंधरवड्यात काय लिहिलेस, असे विचारावे, आणि मुलाने वाचून दाखवायचे ठरवलेच तर टीव्ही बंद करून ऐकावे.