घास आणि घोट

वजन उतरवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाविषयी सुशिक्षित मराठी समाजाचे मत ठरून गेलेले आहे : त्याने सोपा मार्ग पत्करला. हे मत आम्ही लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ऐकले आहे आणि, नवल म्हणजे, साहित्यावर बोलायला जमलेल्या मंडळींकडूनही चहाच्या मध्यंतरात ऐकले आहे. ज्यांची अर्धी हयात सूचकता आणि अनेकार्थता शिकवण्यात गेली, ती माणसे एका जिवंत शरीराविषयी बोलताना इतका निबर शब्द का वापरतात, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. वैद्यकीय अज्ञान क्षम्य असते. शब्दांच्या बाबतीतला आळस, निदान ह्या पेशात, क्षम्य नसावा.

आधी त्या ‘सोप्या मार्गा’चे मोजमाप घेऊ. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ह्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटर मावतील एवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत स्टेपलच्या पिनांची जी ओळ असते ती भरून येईपर्यंत तिच्यावर ताण येता कामा नये. म्हणून द्रव आहार, रुग्णालयाच्या बोलीत लिक्विड डाएट. अनेक ठिकाणी तो शस्त्रक्रियेच्या दोनेक आठवडे आधीच सुरू होतो, कारण त्याने यकृत आकसते आणि शल्यविशारदाला जठरापर्यंत पोहोचणे सुकर होते. नंतर पहिले एकदोन दिवस पारदर्शक द्रव, मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, गाळलेली सुपे. त्यानंतर मिक्सरमधून काढलेले लगदावजा अन्न. आणि मग कुठे मऊ भात. रुग्णालयागणिक हे वेळापत्रक बदलते, पण प्यायचे प्रमाण फारसे बदलत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते तसली ३० मिलिलिटरची इवलीशी प्याली आणि ती संपवायला पाव तास, असा काहीसा हिशेब असतो. दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास द्रव आणि निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, असे आहारतज्ज्ञ बजावतात. तासाला १२० मिलिलिटर ह्या गतीने दीड लिटर संपवायला साडेबारा तास लागतात. जागेपणीचा जवळजवळ सगळा दिवस!

प्रथिनांचे गणित तर ह्याहून नष्ट. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने तीन ग्रॅमांच्या आसपास. केवळ दुधावर ६० ग्रॅम गाठायचे तर दोन लिटर हवे, म्हणजे आधीचे गणित कोसळले. घरोघरच्या आज्यांचा ज्यांच्यावर अढळ विश्वास असतो ते वरणाचे वरचे पाणी आणि भाताची पेज, त्यांत प्रथिने नावापुरती. तेव्हा डब्यातली पावडर आली, तिचा तो पुठ्ठा भिजल्यासारखा वास आला. शिवाय पातळ ते सगळे चालते असेही नाही. आमरस, उसाचा रस, बासुंदी हे पदार्थ पातळ खरे, पण बायपास झालेल्या शरीरात एवढी साखर एकदम आतड्यात उतरली की छातीत धडधड, घाम, भोवळ आणि जुलाब ठरलेले. मे महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे काय होत असेल, ह्याची कल्पना कोकणातल्या वाचकाने तरी करावी.

ह्या सगळ्यात पोट भुकेने कळवळत असते, असे मात्र अनेकदा नसतेच. भूक चेतवणारे ग्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढून टाकलेला असतो. आमच्या एका स्नेह्यांची ही शस्त्रक्रिया झाली; ते मराठीचेच प्राध्यापक. दहाव्या दिवशी त्यांना भूक नव्हती, त्यांना काहीतरी दातांखाली मोडल्याचा आवाज हवा होता. घरात कोणी भाजलेला पापड मोडला की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. रात्री मोबाईलवर थालीपिठाचे व्हिडिओ पाहत बसत. ह्या ओढीत अस्वाभाविक काही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवले. ती खरोखरच भुकेलेली माणसे होती, हा फरक मान्य. पण त्यांच्यातले कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, पाककृती जमवू लागले. अन्न हिरावले गेले की माणूस त्याचे वाचन करू लागतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना खरे तर खडबडून जागे करणारी आहे. आम्ही तिच्यावर एकही परिसंवाद ऐकलेला नाही.

आणि भाषा ह्या माणसाला काय देते? मराठीत माणसाचे माणसाशी नाते जुळते ते घासाने. चिऊचा घास, काऊचा घास, घासातला घास, तोंडचा घास काढून देणे, लग्नात नवराबायकोने एकमेकांना भरवायचा तोही घासच. जेवणाआधी मुलांकडून म्हणवून घेतो त्या श्लोकाची सुरुवातसुद्धा तोंडात घास घेण्यापासून होते. मेल्यानंतरही सुटका नाही, पिंडाला कावळा शिवावा लागतो. घोटाच्या वाट्याला काय आले? अपमानाचा घोट, कडू घोट, विषाचा घोट, नरडीचा घोट. अमृताचे घोट आहेत, नाही असे नाही. पण ते देवादिकांचे. ज्याचा अख्खा दिवस घोटांनी मोजलेला आहे, त्याने आपला अनुभव ह्या भाषेत सांगायचा कसा? तो सांगू लागला की वाक्य आपोआप एक तर केविलवाणे होते, नाही तर विनोदी.

मग सभ्य लोक त्याच्यासाठी एक तिसरा शब्द शोधतात : उपवास. हा शब्द वरवर सन्मानाचा आहे, म्हणून अधिक घातक आहे. उपवासात पुण्य असते, संकल्प असतो, मोडल्यास पाप असते, आणि दुसऱ्या दिवशी पारणे असते. आपल्याकडे तर साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस ह्यांच्या संगतीने एकादशी दुप्पट खाशी झालेली. तरी तिची नैतिक प्रतिष्ठा ढळत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या द्रव आहारात ह्यातले काहीच नाही. पुण्य नाही, पारणे नाही. पुढे मऊ अन्न येईल, घट्टही येईल, परंतु जुने ताट येणार नाही, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभराच्या. तो जखमेभोवतीचा बंदोबस्त आहे. मोडलेल्या हाताला प्लास्टर घातले तर त्याला कोणी हाताचे मौन म्हणत नाही.

शब्दाची ही चूक केवळ शब्दापुरती राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर उलट्या होत राहणे हे धोक्याचे लक्षण आहे. शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, साठा फार तर दोनतीन आठवडे पुरेल एवढाच असतो. उलट्यांनी तो आटला तर दृष्टी दुहेरी होते, चाल लटपटते, बुद्धी भ्रमिष्ट होते, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची ठरू शकते. अशा वेळी माणसाने तडक डॉक्टरांना फोन करायचा असतो. पण ज्याच्या कानीकपाळी आठवडाभर ‘संयम’, ‘तप’, ‘निर्धार’ हेच शब्द घातले गेले, तो उलटीला आपल्या चारित्र्याचा दोष समजतो आणि लपवतो. आमच्या स्नेह्यांनी चार दिवस लपवली. घरच्यांनीही त्या चार दिवसांना त्यांची जिद्द म्हटले. सुदैवाने त्यांच्या भाचीला रुग्णालयाने दिलेला छापील कागद वाचायची बुद्धी झाली. त्या कागदावर संयम हा शब्द कुठेही नव्हता.

आग्रहाचे तर बोलायलाच नको. ‘एक घास तरी, माझ्याखातर’ म्हणणारी यजमानीण स्वतःला प्रेमळ समजते. पंगतीत जिलब्यांचा आग्रह करून करून आपण ही एक कलाच करून ठेवली आहे. भरून न आलेल्या जठरात तो ‘एक घास’ काय करील, हे तिला कोणी सांगत नाही, कारण पाहुण्याने सांगणे असभ्यपणाचे.

आपले साहित्य ह्या बाबतीत फारसे सोबतीला येत नाही. ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ आम्हांलाही अर्धाअधिक पाठ आहे. वजन उतरवण्याचा संकल्प, आणि त्यावर अख्ख्या चाळीने केलेला परस्परविरोधी सल्ल्यांचा वर्षाव. आजही त्या पानांवर हसू आवरत नाही. पु. लं.नी त्यात स्वतःलाच हास्यास्पद केले, ही त्यांची थोरवी. परंतु त्यानंतर दोनतीन पिढ्या आम्ही जाड माणसाकडे त्या एकाच खिडकीतून पाहत राहिलो, हा दोष त्या लेखनाचा नव्हे, आमचा वाचक म्हणून आहे. लंबोदराची आरती करणारा समाज वर्गातल्या जाड मुलाला काय काय नावे ठेवतो, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. दुसरीकडे रुग्णालयांच्या जाहिराती आहेत : डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा, मधे एक बाण. द्रव आहाराचे सगळे आठवडे त्या बाणात गडप होतात. ‘सोपा मार्ग’ म्हणणारे आणि हा बाण छापणारे एकमेकांचे विरोधक भासतात. प्रत्यक्षात दोघेही तेच पान फाडून टाकतात.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ज्या भाषेत ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ लिहिले गेले, तिथे काही लाख रुपये मोजून जठर लहान करून घेणाऱ्याच्या दुःखाला जागा मागणे अश्लाघ्य नव्हे काय? लादलेली भूक आणि निवडलेला आहार ह्यांना एका तागडीत घालण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. कुपोषित मुलाच्या वाटीतली पेज आणि रुग्णालयातल्या प्यालीतली पेज वेगळीच. परंतु दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला भुकेबद्दल जे शिकवले ते आठवावे. भूक शरीरात असते. तिच्यावरून माणसाची लायकी ठरवायची नसते. आणि भरल्या पोटाने तिला नीतीचे धडे देणे हा निर्लज्जपणा असतो. हा धडा एका प्रकारच्या शरीरापुरताच खरा आणि दुसऱ्यापुढे रद्द, असे ती पुस्तके कुठेही म्हणत नाहीत. आणि जाडी ही खातेऱ्यांची शिक्षा असल्याचा समजही आता टिकणारा नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसले की काटेकोर आहाराने वजन उतरवलेल्यांच्या शरीरातील भुकेची संप्रेरके वर्षभरानंतरही वाढलेलीच होती. शरीर गमावलेले वजन परत मागत होते. त्याच्याशी केवळ निर्धाराने झुंजायला सांगणाऱ्यांनी आधी एक वर्ष झुंजून दाखवावे. शस्त्रक्रियेच्या बाजूने पुरावा आहे : स्वीडनमधील दीर्घ पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांमधले मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा कमी आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. ती सर्वांसाठी आहे किंवा निर्धोक आहे असे कोणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही.

अलीकडे वजन उतरवणारी इंजेक्शने आली आहेत, आणि ‘सोपा मार्ग’ हा ठपका आता शस्त्रक्रियेवरून उठून त्यांच्यावर बसू लागला आहे. गेल्याच महिन्यात एका चर्चासत्राच्या जेवणाच्या सुटीत एका वक्त्यांनी तो एका विद्यार्थिनीला ऐकवला, तिने गुलाबजाम नको म्हटले एवढ्यावरून. त्यांचा निबंध ‘स्त्रीदेह आणि सत्ता’ ह्या विषयावर होता. तो फार वाखाणला गेला.